पोर्टलमधला खेळाडू तुमच्या कॉलेजला ‘हो’ का म्हणतो

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मिडवेस्टमध्ये एमएस केलंत, नोकरीही तिथंच लागली, आणि गेली 9 वर्षं त्याच विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाची सीझन तिकिटं घेता. संघ मिड-मेजर, म्हणजे बड्या कॉन्फरन्सच्या (आपापसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांच्या) बाहेरचा. यंदा तुमच्या पहिल्या पाचांतले चौघं पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या अधिकृत यादीत, गेले. त्यांच्या जागी जे तीन ट्रान्सफर, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून येऊ पाहणारे, कॅम्पस बघून गेले, त्यांतला एकच आला. तेव्हापासून मित्रांत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, आता सगळा पैशाचा खेळ झालाय, आपण नाद सोडावा. दुसरा म्हणतो, आपल्याकडे इतिहास आहे, भरलेलं अरेना आहे, पण आपल्या कोचना ते मुलांपुढे मांडताच येत नाही. यांत खरं कोण, आणि चाहत्यांच्या हातात काही उरलंय का, असं तुम्ही विचारलंय.

मी 14 वर्षं अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये काम करतोय. सांगलीत शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर खेळायला शिकलो, इथं शिकायला आलो आणि संघाचा स्टुडंट मॅनेजर झालो. टॉवेल, पाण्याच्या बाटल्या, सरावाचं चित्रीकरण, पडेल ते काम. पुढे व्हिडिओ कोऑर्डिनेटर, मग ऑपरेशन्स, आणि आता असिस्टंट कोच आहे, रिक्रूटिंग, म्हणजे नवे खेळाडू मिळवणं, माझ्याकडे असतं. आजवरची तिन्ही कॉलेजं मिड-मेजरच. त्यामुळे तुमची तळमळ मला नवी नाही. दरवर्षी मार्च संपता संपता तीच माझ्या घरात येऊन बसते.

माझं म्हणणं असं आहे. दोन्ही तट ज्या गोष्टी मोजतायत त्या खऱ्या आहेत, पण खेळाडू त्या त्याच क्रमानं मोजत नाही. पोर्टलमध्ये नाव टाकलेला मुलगा तुमच्या कॉलेजचा मनापासून विचार करायला लागला की तुमच्याकडून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला फोन लावतो. आमच्याशी तो बोलतोच, पण आम्ही काय सांगणार हे त्याला माहीत असतं. तुमच्या प्रोग्रॅमकडे कोणाला किती ओढ वाटणार, हे त्या दुसऱ्या फोनवर ठरतं.

नियम कसे बदलत गेले ते भराभर सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. 15 ऑक्टोबर 2018 ला पोर्टल सुरू झालं. त्याआधी दुसऱ्या कॉलेजांशी बोलायलाही आपल्या कॉलेजची परवानगी लागायची, आणि कोच हवी ती कॉलेजं अडवू शकायचे. पोर्टल आल्यावर परवानगी गेली, नुसतं कळवणं उरलं. तरीही जागा बदलली की एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. 2021 मध्ये पहिल्या बदलापुरती ती अट गेली. त्याच वर्षी 1 जुलैपासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून पैसे मिळवायची मुभा मिळाली, म्हणजेच एनआयएल. एप्रिल 2024 मध्ये, अभ्यासाच्या अटी पाळल्या तर कितीही वेळा बदला, असं ठरलं. पोर्टलमध्ये नाव टाकायची मुदत मात्र आखडत गेली. 2023 मध्ये ती 60 दिवस होती, पुढच्या वर्षी 45 झाली आणि 2025 मध्ये 30. डिव्हिजन वन, म्हणजे सगळ्यांत वरच्या पातळीवर, 360 हून जास्त पुरुष संघ आहेत, आणि 2025 मध्ये त्यांतल्या 2 हजारांहून जास्त खेळाडूंची नावं पोर्टलमध्ये होती. म्हणजे सरासरी काढली तरी एका संघामागे पाचहून जास्त मुलं. तुमचे चार गेले हे दुखणारच, पण त्यावरून तुमचं घर मोडकं आहे असं ठरत नाही.

आता पैसा. त्याबद्दल मी आडपडदा ठेवणार नाही, कारण पहिल्या तटाचं इथं बरंचसं बरोबर आहे. जून 2025 मध्ये, खेळाडूंनी एनसीएए या कॉलेज खेळांच्या देशव्यापी संस्थेवर घातलेल्या हाऊस खटल्यातली तडजोड न्यायालयानं मंजूर केली आणि 1 जुलैपासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा होती एका विद्यापीठाला सगळ्या खेळांत मिळून सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. आमच्यासारखी कॉलेजं त्या मर्यादेच्या आसपासही फिरकत नाहीत. याचा परिणाम मैदानावर दिसतोच. 2025 च्या एनसीएए स्पर्धेत शेवटच्या 16 संघांत फक्त चार बड्या कॉन्फरन्स होत्या: एसईसीचे 7, बिग टेनचे 4, बिग ट्वेल्व्हचे 4 आणि एसीसीचा 1. चॅम्पियन झालेल्या फ्लोरिडाचे पहिले पाच बघा. त्यांतले चौघं ट्रान्सफर. वॉल्टर क्लेटन ज्युनियर आयोनाहून आलेला, विल रिचर्ड बेलमाँटहून, अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून. म्हणजे तिघं आमच्या जगातून गेलेले. ह्यूस्टनविरुद्धची ती 65-63 ची फायनल मी घरी बघत होतो. आनंद आणि हळहळ दोन्ही एकदम वाटलं. या मुलांना कुणीतरी पहिल्यांदा विश्वासानं बॉल दिला होता, आणि ती कॉलेजं छोटी होती.

पण पैशाचं काम एका ठिकाणी संपतं, आणि ते ठिकाण बाहेरून दिसत नाही. पैशावर मुलाची तीन-चार कॉलेजांची यादी तयार होते. यादीत असलेल्यांचे आकडे बहुतेक वेळा जवळजवळच असतात, कारण एजंट सगळ्यांशी बोलून ते जवळ आणतो. त्यानंतर जे ठरतं ते वेगळ्याच गोष्टींवर. क्लेटनचंच घ्या. 2023 मध्ये तो त्यांच्या कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याचे कोच रिक पिटिनो आयोना सोडून न्यू यॉर्कच्या सेंट जॉन्सला गेले. मागोमाग जाणं सोपं होतं. तो गेला फ्लोरिडाला, आपल्या राज्यात. तो मूळचा लेक वेल्सचा. उलट ग्रेट ओसोबोरनं कोचची पाठ सोडली नाही. मोंटाना स्टेट, मग यूटा स्टेट, मग वॉशिंग्टन, प्रत्येक वेळी डॅनी स्प्रिंकल जिथं गेले तिथं तो गेला. वॉशिंग्टनला जाताना त्याला 20 लाख डॉलरच्या आसपास मिळाल्याच्या बातम्या होत्या, आणि त्याच उन्हाळ्यात कोलमन हॉकिन्स इलिनॉयहून कॅन्सस स्टेटला गेला तेव्हाही तसाच आकडा छापून आला होता. पुढच्या मार्चमध्ये हे दोन्ही संघ एनसीएए स्पर्धेत नव्हते. यात त्या दोघांना बोल लावायचा नाही, दोघंही उत्तम खेळाडू आहेत. एका मोठ्या आकड्यानं संघ उभा राहत नाही, एवढंच त्यातून दिसतं. उरलेले चार कोण, बॉल कोणाच्या हातात, मधला माणूस स्क्रीन लावून, म्हणजे समोरच्याची वाट अडवून, बास्केटकडे वळतो की बाहेर थांबतो, हे जुळावं लागतं.

आता त्या फोनकडे येतो, कारण ही गोष्ट मी स्वतः फार उशिरा शिकलो.

काही वर्षांपूर्वी, मी तेव्हा ज्या कॉलेजात होतो तिथं, आम्हाला 6 फूट 8 इंचांचा एक फॉरवर्ड हवा होता. आमच्या खेळात तो चपखल बसत होता. मी त्याच्या जुन्या सामन्यांच्या व्हिडिओतले 40 तुकडे कापले, शेजारी आमचे 40 लावले: इथं तू असशील, इथून पास येईल, इथं तुझा माणूस मदतीला धावेल आणि कोपरा मोकळा होईल. मुलगा खूश. त्याची आई व्हिजिटला आली, जेवण छान झालं, घरी पोचल्यावर तिनं मला मेसेजही केला. चौथ्या दिवशी त्यानं दुसरीकडे होकार दिला. ते कॉलेज आमच्याच कॉन्फरन्समधलं, आणि माझ्या अंदाजानं आमच्यापेक्षा कमी पैसे देणारं.

पुढच्या हंगामात त्यांच्याशी सामना झाला तेव्हा वॉर्म-अपला मी त्याला विचारलं. त्यानं मोकळेपणानं सांगितलं. आमच्याकडून दोन वर्षांपूर्वी गेलेल्या एका गार्डला, म्हणजे बॉल हाताळणाऱ्या खेळाडूला, त्यानं फोन केला होता. त्या गार्डनं कोचिंगला नावं ठेवली नाहीत. तो एवढंच म्हणाला, की मी पोर्टलमध्ये नाव टाकलं त्याच संध्याकाळी माझा लॉकर रिकामा करून सामान एका खोक्यात भरलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी वेट रूममध्ये माझं कार्ड चालेना. सेमिस्टर संपायला अजून पाच आठवडे होते. त्याच कॅम्पसवर, त्याच वर्गांत, ते पाच आठवडे तो एखाद्या परक्यासारखा काढत होता.

तो निर्णय माझा नव्हता. पण तो खोका मी बघितला होता आणि गप्प बसलो होतो. हे आजही मला टोचतं.

त्यानंतर मी जिथं गेलो तिथं एक अट घालून घेतली. नाव टाकलेल्या मुलाचा लॉकर सेमिस्टर संपेपर्यंत त्याचाच राहील. ट्यूटर, वेट रूम, फिजिओ, सगळं चालू. त्याला हवं असेल तर त्याचे व्हिडिओ मी कापून देतो, आणि समोरच्या कोचनं विचारलं तर खरं आणि चांगलं सांगतो. माझ्या काही सहकाऱ्यांना हे पटत नाही, त्यांना वाटतं आपण आपल्याच मुलांना दार उघडून देतोय. दार कायद्यानं आधीच उघडं आहे. प्रश्न इतकाच की बाहेर पडणारा मुलगा दुसऱ्यांना काय सांगणार. आमचा आत्ताचा पॉइंट गार्ड आलाय तो अशाच एका गेलेल्या मुलाच्या सांगण्यावरून. “तिथं जा, ते तुला वाढवतील, आणि निघायची वेळ आली तर नीट निरोप देतील,” असं तो म्हणाला होता. मी कितीही तुकडे कापले असते तरी हे वाक्य मला तयार करता आलं नसतं.

इथंच चाहत्यांचा संबंध येतो. जाणारा मुलगा जे सांगतो त्यात तुम्हीही असता. माझ्या एका खेळाडूला पोर्टलमध्ये गेल्याच्या रात्री शंभरावर मेसेज आले होते. गद्दार, कृतघ्न, आणि त्याहून घाणेरडं बरंच काही. ते त्याच्या आईनं वाचले. ही बाई दोन वर्षं पाच तास गाडी हाकून आमच्या घरच्या सामन्यांना यायची आणि विद्यार्थ्यांच्या रांगेत उभी राहून ओरडायची. पुढे तिच्या ओळखीतल्या कुणी आमच्याबद्दल विचारलं असेल तेव्हा तिनं काय सांगितलं असेल, याचा विचार मी बरेचदा करतो.

दुसऱ्या तटाचा मुद्दा इतिहासाचा आणि अरेनाचा. इतिहासाबद्दल माझं मत जरा कडक आहे. आज 20 वर्षांचा असलेल्या मुलाला 1990 च्या दशकातला तुमचा मोठा विजय माहीत नसतो, आणि माहीत असायचं त्याला काही कारणही नाही. छताला टांगलेले बॅनर तो फोटोपुरते बघतो. गेल्या तीन वर्षांत तुमच्याकडून कोण कुठं पोचलं, हा त्याच्या दृष्टीनं तुमचा इतिहास.

अरेनाचं मात्र मी मान्य करतो, फक्त भरलेल्या अरेनाचं. ओहायोतल्या डेटनचं उदाहरण सगळ्या मिड-मेजरवाल्यांनी नीट बघावं. अटलांटिक टेन या मिड-मेजर कॉन्फरन्समधला संघ, पण यूडी अरेनात 13 हजारांवर माणसं मावतात आणि तिथली गर्दी देशातल्या बड्याबड्यांच्या तोडीची असते. 2001 पासून, कोविडची वर्षं सोडली तर, एनसीएए स्पर्धेचा पहिला टप्पा तिथं होत आलाय, कारण आपला संघ खेळत नसला तरी ते गाव येऊन बसतं. अमेरिकन फुटबॉलचा मोठा पैसा नसलेल्या कॉलेजात हे घडतं, कारण तिथं बास्केटबॉललाच पहिला मान आहे. बड्या विद्यापीठात मुलगा फुटबॉलच्या सावलीत असतो. छोट्या गावात किराणा दुकानातल्या बाईला त्याच्या घोट्याला काय झालंय ते माहीत असतं. व्हिजिटला आलेल्या मुलांना हे भावतं, मी डोळ्यांनी बघितलंय. पण व्हिजिट एप्रिलमध्ये असते आणि तेव्हा अरेना रिकामं असतं. मग ते त्याला कळणार कसं? पुन्हा तेच, आधी तिथं खेळून गेलेल्या मुलाकडून.

मुलगा आम्हाला प्रत्यक्ष काय विचारतो, तेही सांगतो. खेळायला किती मिनिटं मिळतील हा पहिला प्रश्न असतो असा समज आहे, पण तसं नसतं. पहिला प्रश्न असतो, “माझ्या जागेवर दुसरं कोण आणताय?” रोस्टर, म्हणजे संघाची यादी, आता 15 जणांचं असतं, आणि गेल्या वर्षी त्याला कुणीतरी शब्द देऊन नंतर त्याच जागेवर आणखी दोघं आणलेले असतात. त्यामुळे मी संपूर्ण यादी त्याच्यासमोर ठेवतो, कोणाशी बोलतोय तीही नावं सांगतो. दुसरा प्रश्न बॉलचा. छोट्या कॉन्फरन्समध्ये सामन्याला 18 गुण काढणारा मुलगा वर जातो तेव्हा त्याच्या हातातला बॉल कमी होतो, आणि वर न जमलेला आमच्याकडे येतो तेव्हा त्याला बॉल जास्त मिळतो. दोघांनाही वाटतं आपण तसेच खेळू. तसं होत नाही. माझ्या अनुभवात रिबाउंड, ब्लॉक आणि चोरलेले बॉल एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर बऱ्यापैकी टिकतात, गुणांची सरासरी टिकत नाही. तीन गुणांच्या शूटिंगची नुसती टक्केवारी मी बघत नाही, किती मारलेत ते बघतो आणि फ्री थ्रो बघतो. 40 टक्के तीन गुण आणि 62 टक्के फ्री थ्रो असं जिथं दिसतं तिथं मी थांबतो आणि त्याची अगदी प्रत्येक शॉट असलेली फिल्म काढतो.

तिसरा प्रश्न मुलगा विचारत नाही, आई विचारते: डिग्री. यावर चाहत्यांत कधी चर्चा होत नाही, पण कितीतरी करार इथं मोडतात. एनसीएएच्या नियमानं दुसऱ्या वर्षापासून दर वर्षाअखेर डिग्रीचा ठरावीक भाग पूर्ण असावा लागतो. मुलगा बदलून आला की त्याचे जुने क्रेडिट नव्या डिग्रीत बसतात का, हे बघावं लागतं. तीन कॉलेजं फिरलेल्या मुलाचे अर्धे क्रेडिट कुठंच बसत नाहीत असं मी पाहिलंय. गेल्या वर्षी आम्ही एक मुलगा फक्त यामुळे गमावला, आणि बाहेर चर्चा झाली की आमच्याकडे पैसे कमी पडले. तुमच्या न आलेल्या दोघांपैकी एकाची गोष्ट अशी असूच शकते. विद्यापीठ त्याबद्दल जाहीर बोलू शकत नाही, त्यामुळे कोच मुकाट्यानं शिव्या खातात.

परदेशी मुलांबद्दलही सांगायला हवं, आणि तुम्हाला ते लगेच कळेल, कारण तुम्ही त्याच व्हिसावर आला असाल. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर खास परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम करता येत नाही. खेळाडूही त्याला अपवाद नाही. म्हणून केंटकीचा ऑस्कर शीब्वे, मूळचा काँगोचा, 2022 मध्ये संघ बहामासला गेला तेव्हा तिथं जाऊन जाहिरातींची कामं करून आला. अमेरिकेच्या जमिनीवर ते करणं धोक्याचं होतं. आता विद्यापीठ थेट पैसे देऊ लागल्यावर ते एफ-1 वाल्याला कसे द्यायचे, यावर प्रत्येक ठिकाणचे वकील वेगळं सांगतात. सर्बिया, सेनेगल, ऑस्ट्रेलिया, कुठलाही मुलगा असो, त्याच्या घरच्यांशी बोलताना मी माझ्याच एफ-1 च्या वर्षांची गोष्ट सांगतो. मायदेशी सुट्टीला जाताना कागदावर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची सही घ्यायची, विसरलास तर परत येताना विमानतळावर काय वाट्याला येईल, सगळं. एका आईनं मला सांगितलं की बाकी कुणीच हे बोललं नाही. तो मुलगा आमच्याकडे आला. इंटरनॅशनल सेंटरमधली एखादी दक्ष, फोन उचलणारी व्यक्ती हीसुद्धा प्रोग्रॅमची ताकद असते, आणि तिचा बॅनर कुठं टांगलेला नसतो.

आता आयोवातल्या ड्रेकची गोष्ट. तुमच्या पहिल्या तटानं म्हटलंय की मिड-मेजरनं नाद सोडावा. त्यांना ही जरूर सांगा. मार्च 2024 मध्ये ड्रेकचे कोच डॅरियन डव्रीस वेस्ट व्हर्जिनियाला गेले, त्यांचा मुलगा टकर, संघाचा सर्वोत्तम खेळाडू, त्यांच्याबरोबर गेला, आणि जवळजवळ सगळा संघ विखुरला. त्यांच्या जागी आले बेन मकॉलम, नॉर्थवेस्ट मिसूरी स्टेटला डिव्हिजन टूची चार विजेतेपदं मिळवून दिलेले. त्यांनी आपल्या जुन्या संघातले चार खेळाडू बरोबर आणले, डिव्हिजन टूमधले, ज्यांना वरचं कुणी विचारत नव्हतं. त्यांतला बेनेट स्टर्ट्झ जवळजवळ प्रत्येक मिनिट कोर्टवर असायचा. संथ, शिस्तीचा, समोरच्याला जीव नकोसा करणारा खेळ. त्या हंगामात ड्रेकनं 31 सामने जिंकले, कॉन्फरन्स जिंकली, आणि एनसीएए स्पर्धेत मिसूरीला हरवलं.

आणि मग मकॉलम आयोवाला गेले, स्टर्ट्झ त्यांच्याबरोबर गेला. एका वर्षात दुसऱ्यांदा घर रिकामं. तुमच्या मित्रांना यात हार दिसेल. मला त्यात 31 विजय दिसतात, आणि त्या हिवाळ्यात दे मॉइनमध्ये ड्रेकच्या अरेनाला, नॅप सेंटरला, गेलेली माणसं दिसतात, ज्यांनी ते बघितलं. मकॉलमना आपल्या मुलांसाठी नवं काहीच मांडावं लागलं नाही. त्यांचा एकमेकांवर विश्वास होता, खेळ पाठ होता. आमच्यासारख्यांसाठी हा रस्ता मोठ्या नावाच्या मागे धावण्यापेक्षा फार चांगला आहे: जिथं बाकीचे बघत नाहीत तिथं बघणं, डिव्हिजन टू, ज्युनियर कॉलेज (इथली दोन वर्षांची कॉलेजं, आपली अकरावी-बारावी नव्हे), बड्या संघात बेंचवर बसून कंटाळलेला मुलगा. डाल्टन नेक्ट ज्युनियर कॉलेजातून नॉर्दर्न कोलोराडोला आला होता. तिथून टेनेसीला गेला आणि 2024 मध्ये एसईसीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आणि जे राहतात त्यांच्याबद्दल. परड्यूचा संघ मार्च 2023 मध्ये सगळ्यांत खालच्या, 16 व्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून हरला. एवढ्या मोठ्या नामुष्कीनंतर संघ फुटायला हवा होता. फुटला नाही. झॅक ईडी, ब्रेडन स्मिथ, फ्लेचर लॉयर, तिघंही परतले, आणि कोच मॅट पेंटर यांनी पोर्टलमधून एकच माणूस आणला, सदर्न इलिनॉयचा लान्स जोन्स. त्यांना जे नेमकं कमी होतं तेच तो घेऊन आला. पुढच्या एप्रिलमध्ये ते फायनलला होते, कनेक्टिकटविरुद्ध. परड्यू श्रीमंत आहे, तिथली तुलना आपल्याला लागू नाही, असं तुम्ही म्हणाल. पैशापुरतं मान्य. पण आमच्याकडेही प्रत्येक एप्रिलमध्ये माझा पहिला आठवडा पोर्टलमधल्या मुलांवर जात नाही. तो आमच्याच सहाव्या, सातव्या, आठव्या मुलावर जातो. पहिले पाच थांबवणं बरेचदा आपल्या हातात नसतं. सहाव्याला मात्र पुढच्या वर्षी त्याचं काय होणार हे कुणीतरी शांतपणे, फिल्म समोर ठेवून, खोटं न बोलता सांगितलं तर तो थांबतो. दोन वर्षं थांबलेले तीन मुलगे रोस्टरवर असले की नव्या ट्रान्सफरला सराव कसा करायचा हे मला शिकवावं लागत नाही. आणि व्हिजिटच्या रात्री त्याला जेवायला घेऊन जाणारे तेच असतात, आम्ही तिथं नसतो.

तुमच्या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचं उत्तर म्हणून पैशाचा तट यादीपर्यंत बरोबर आहे, इतिहासाचा तट गर्दीपुरता बरोबर आहे, आणि कोचबद्दल दोघंही एका उन्हाळ्यावरून बोलतायत. माझ्या मते कोचला तीन वर्षांत किती मुलं थांबली आणि गेलेली मुलं त्याच्याशी अजून बोलतात का, यावर मोजावं.

दुसरा प्रश्न, तुमच्या हातात काय आहे. देणगी द्यायची असेल आणि परवडत असेल तर खेळाडूंसाठीच्या निधीला द्या, कितीही लहान असो, आमच्या पातळीवर ती दिसते. एका मुलाचं उन्हाळ्यातलं भाडं निघालं तरी तो जूनमध्ये कॅम्पसवर राहतो आणि सरावाला येतो. नोव्हेंबरमधल्या मंगळवारी, अनोळखी संघाविरुद्धच्या सामन्याला जा, कारण त्याच रात्रींचा व्हिडिओ आम्ही दाखवतो आणि मागच्या रिकाम्या खुर्च्या मुलांना दिसतात. तुमची कंपनी उन्हाळी इंटर्नशिप देत असेल तर विद्यापीठाच्या कंप्लायन्स (नियमपालन) कार्यालयाला विचारून एखाद्या खेळाडूसाठी दार उघडा. स्वतः थेट मुलाला काही कबूल करू नका, आणि पोर्टलमध्ये नसलेल्या दुसऱ्या कॉलेजच्या मुलाला ‘आमच्याकडे ये’ असा मेसेज तर चुकूनही करू नका. त्याचा त्रास आम्हाला होतो.

आणि ते चौघं. नोव्हेंबरमध्ये त्यांच्यापैकी कुणाचा तरी नव्या गणवेशातला पहिला सामना टीव्हीवर असेल. तुमच्या दोन्ही तटांनी तो एकत्र बसून बघा. संपल्यावर त्याला दोन ओळी लिहा, की आम्ही बघत होतो, तुझा तो डावीकडून घेतलेला शॉट अजून तसाच आहे. त्याच आठवड्यात, पुढच्या एप्रिलमध्ये पोर्टलमध्ये जाणारा कुणीतरी मुलगा त्याच्या शेजारच्या लॉकरला बसलेला असेल.